तेल्याच्या जंतूचा डिंक: प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२३

वही आजपासून सुरू. गाइड सरांनी सांगितलंय की कच्च्या नोंदी तारखेवार ठेव, चुकलेलं पण लिही, नंतर सुधारत बसू नकोस. ठीक आहे.

विषय थोडक्यात: डाळिंबावरचा तेल्या, म्हणजे तेलकट डाग रोग, जो झँथोमोनास जातीच्या जंतूमुळे होतो, तो जंतू स्वतःभोवती जो चिकट डिंक सोडतो त्याची साखरेची रचना शोधायची. कोणत्या साखरा, कोणत्या प्रमाणात, कुठल्या टोकाने एकमेकींना चिकटलेल्या, आणि वर कुठे काय लटकलंय. सहा-सात महिने आहेत.

पानं मामांच्या बागेतून आणली, सांगोल्याकडे. भगवा वाण लावलाय, मृग बहार धरलाय, आणि पाऊस पडला न पडला तोच डाग सुरू. पान उजेडाकडे धरलं की डाग खरंच तेल पडलेल्या कागदासारखा पारदर्शक दिसतो, पण तिथे तेल नसतंच, पेशींच्या मधल्या ज्या जागेत हवा असायला हवी तिथे पाणी भरलेलं असतं आणि ते पाणी धरून ठेवण्यात या डिंकाचा हात असतो. डागाचा तुकडा कापून पाण्याच्या थेंबात ठेवला, मायक्रोस्कोपखाली बघितला तर कडेतून धुराच्या लोटासारखं पांढुरकं काहीतरी बाहेर येत होतं. टोमॅटोच्या मर रोगात कापलेलं खोड ग्लासातल्या पाण्यात धरलं की दुधाळ तार सुटते ती बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत असते, तशातलाच प्रकार. तिथला जंतू वेगळा (राल्स्टोनिया) आणि त्याचा डिंक तर फारच वेगळा, त्यात नायट्रोजनवाल्या साखरा असतात. तो आपला विषय नाही, बरं झालं.

११ जुलै

प्लेटवर फिकट पिवळ्या, ओल्या चकचकीत कॉलन्या. लूप लावून वर उचललं तर तार निघते, मोजली, साधारण दोन सेंटिमीटर. आई एकतारी पाक झालाय का बघायला दोन बोटांत धरते ना, अगदी तसंच. सर म्हणाले तार येते म्हणजे डिंक भरपूर, तोच आयसोलेट (वेगळा काढलेला जंतू) पुढे न्या. नाव ठेवलं डी-४.

याचा शहाणा चुलतभाऊ म्हणजे कोबीवरचा झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस, कोबीचा काळा कुजवा करणारा. अमेरिकेत इलिनॉयमधल्या पिओरिया गावी सरकारी शेती-संशोधनाची लॅब आहे, तिथे अ‍ॅलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंतूच्या डिंकावर काम केलं, १९६९ साली अमेरिकेत तो खाण्यात वापरायला परवानगी मिळाली. तोच झँथन गम. सॉसच्या बाटलीमागे स्टॅबिलायझर ४१५ लिहिलेलं असतं तो हाच. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे रोगाचा चिकटा आम्ही पैसे देऊन खातोय व्हय?" म्हटलं मामा, तो कोबीवाल्याचा, तुमच्या डाळिंबावाल्याचा नाही. त्यांना फारसा फरक वाटला नाही.

१९ जुलै

आज बेंचवर काम नाही, ऑटोक्लेव्हचं गॅसकेट गेलंय. म्हणून झँथनचा नकाशा नीट काढून भिंतीवर लावला, कारण आपलं सगळं काम याच्याशी ताडून बघायचंय.

मुख्य साखळी ग्लुकोजची, एकाचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्याला, बीटा जोड. म्हणजे सरळ सरळ सेल्युलोज, कापूस आणि कागदात असतं तेच. नुसतं असं असतं तर पाण्यात विरघळलंच नसतं. पण दर दुसऱ्या ग्लुकोजला तिसऱ्या कार्बनवर तीन साखरांची फांदी फुटते: आधी मॅनोज, मग ग्लुक्युरॉनिक आम्ल (ग्लुकोजचाच आम्ल झालेला भाऊ), मग शेवटी परत मॅनोज. एकूण पाच साखरांचा तुकडा, तोच पुन्हा पुन्हा, हजारो वेळा. म्हणून प्रमाण येतं ग्लुकोज २, मॅनोज २, ग्लुक्युरॉनिक १. आतल्या मॅनोजवर सहाव्या जागी बहुतेक वेळा व्हिनेगरच्या आम्लाचा छोटा तुकडा, म्हणजे अ‍ॅसिटिल, आणि टोकाच्या मॅनोजवर काही ठिकाणी पायरुव्हेट (तसाच दुसऱ्या एका आम्लाचा तुकडा), चौथ्या आणि सहाव्या जागेला दोन्ही हातांनी धरून बसलेलं. सगळ्या टोकांवर नसतं, किती टोकांवर ते जंतूच्या वाणावर आणि वाढवण्याच्या पद्धतीवर ठरतं. हा नकाशा १९७५ साली स्टॉकहोमच्या यान्सन, केने आणि लिंडबर्ग यांनी मांडला.

जंतू हे बनवतो कसं तेही भारी आहे. साखळीच्या टोकाला एकेक साखर चिकटवत जात नाही, आधी पाचचा तुकडा पडद्यातल्या एका चरबीच्या खुंटीवर तयार करतो, मग तयार तुकडे जोडतो. त्यासाठी बारा जनुकं ओळीने, गमबी पासून गमएम पर्यंत. अ‍ॅसिटिल लावणारे गमएफ आणि गमजी, पायरुव्हेट लावणारा गमएल. म्हणजे सजावटीसाठी वेगळे कारागीर ठेवलेत.

२ ऑगस्ट

पहिला डिंक हातात! पाच फ्लास्क, नेहमीचं मिडियम, म्हणजे जंतूचं खाद्य (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि ग्लुकोज; खडूची पूड मात्र घातली नाही), २८ डिग्री, शेकरवर चार दिवस. चौथ्या दिवशी फ्लास्क तिरका केला की आतलं सगळं सावकाश, मधासारखं सरकत होतं आणि हीच खरी अडचण झाली, कारण एवढ्या घट्ट द्रवातून जंतू खाली बसेनात, सेंट्रीफ्यूज पूर्ण स्पीडला अर्धा तास फिरवला तरी पेलेट नुसता डळमळीत. शेवटी चार पट पाणी घालून पातळ केलं आणि परत फिरवलं, तेव्हा खाली बसले.

मग थोडं पोटॅशियम क्लोराइड आणि तिप्पट आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). ढवळताना काचेच्या कांडीभोवती पांढरे धागे गुंडाळत येतात, बुढ्ढी के बाल सारखे. मीठ का घालायचं तर साखळीवर आम्लांचे ऋण भार असतात, ते एकमेकांना ढकलत राहतात, मीठ तो भार झाकतं, मगच धागे जवळ येऊन खाली बसतात. दोन दिवस डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात, छोटे रेणू बाहेर जातात, डिंक आत राहतो), मग फ्रीज ड्रायर. कापसासारखा सुंदर हलका पदार्थ निघाला. अर्धा तास नुसती बघत बसले.

८ ऑगस्ट

फिनॉल-सल्फ्युरिकने एकूण साखर मोजली. उत्तर आलं: १०० मिलीग्रॅम डिंकात ११८ मिलीग्रॅम साखर 😄. सर काही बोलले नाहीत, नुसतं वहीकडे बघून हसले.

कारण सापडलं. ही टेस्ट कुठलीही साखर दिसली की रंग देते, तिला डिंक आणि मिडियममधलं उरलेलं ग्लुकोज यातला फरक कळत नाही, आणि डायलिसिसचं पाणी मी दोन दिवसांत दोनदाच बदललं होतं. शिवाय स्टँडर्ड कर्व्ह नुसत्या ग्लुकोजची, आणि प्रत्येक साखरेचा रंग सारखा गडद येत नाही. परत डायलिसिस, तीन दिवस, दिवसातून तीनदा पाणी. आता ८१. हे पटण्यासारखं, बाकी ओलावा, मीठ, थोडं प्रोटीन.

२३ ऑगस्ट

पेढे वाटले. खरंच वाटले, कँटीनमधून पाव किलो आणून.

डिंक टीएफए आम्लात १२० डिग्रीला एक तास उकळून सुट्ट्या साखरा केल्या, त्यांची वाफ होईल असे डेरिव्हेटिव्ह करून जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफी, प्रत्येक साखर वेगळी करून मोजणारं यंत्र) पाठवले होते. रिपोर्ट आला: ग्लुकोज २, मॅनोज २.०२. भिंतीवरचा नकाशा जसाच्या तसा! पहिल्याच झटक्यात! सोबत ताडून बघायला विकतचा झँथन पण पाठवला होता, त्याचं मात्र २ ला १.५ आलं, मॅनोज कमी. डबा दोन वर्षांपूर्वीचा आहे, झाकण पण नीट लागत नाही, तो खराब झाला असणार.

(ही वरची ओळ मी खोडणार नाहीये. कशी डोळे झाकून लिहिली होती ते राहू दे.)

३० ऑगस्ट

सरांनी एकच प्रश्न विचारला: "जंतू न घालता नुसतं मिडियम याच पद्धतीने चालवून बघितलंस का?" नव्हतं बघितलं.

बघितलं. रिकाम्या फ्लास्कमध्येही तिप्पट आयपीए घातल्यावर धागे आले. कमी होते, पण आले. डायलिसिस करून सुकवल्यावर चांगली चिमूटभर पावडर, आणि तिचं हायड्रोलिसिस करून (आम्लात साखळी तोडून) टीएलसी प्लेटवर, जिथे साखरा ठिपक्यांनी वेगळ्या होतात, टाकलं तर ठळक ठिपका मॅनोजचा.

कुठून आलं? यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून. यीस्टच्या भिंतीत मॅनन असतं, म्हणजे मॅनोजचीच मोठी साखळी, ती एक्स्ट्रॅक्टमध्ये उतरते, अल्कोहोलने खाली बसते, डायलिसिसच्या पिशवीतून बाहेर जात नाही आणि शेवटी आपल्या डिंकात गुपचूप येऊन बसते. या क्षेत्रातल्या लोकांना माहीत असलेली जुनी खोड आहे म्हणे. मला आज कळली.

मग प्रश्न असा की डिंकात बाहेरचं मॅनोज मिसळलं होतं तर प्रमाण २ च्या वर जायला हवं, बरोबर २ कसं आलं? रात्री झोपताना डोक्यात तेच.

२८ सप्टेंबर

गणपतीत काम बंद. त्याआधीच मिनिमल मिडियमवर गेले होते: फॉस्फेट, ग्लुटामेट, मॅग्नेशियम, साखर, बस, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट शून्य. डी-४ तिथे रडतखडत वाढतो, चार दिवसांचं काम सात दिवसांवर, डिंक निम्म्याहून कमी. पण रिकाम्या फ्लास्कमधून काहीही निघत नाही, हे महत्त्वाचं.

आजचा जीसी: ग्लुकोज २, मॅनोज १.४६. आणि विकतच्या झँथनचं परत १.५. म्हणजे त्या बिचाऱ्या डब्यात काहीच बिघडलं नव्हतं, तो पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता आणि मी त्याला जुना म्हणून गप्प केलं.

अर्धं मॅनोज जातंय कुठे ते टीएलसीवर दिसलं. सुट्ट्या साखरांच्या बरंच खाली, सुरुवातीच्या रेषेजवळ एक हट्टी ठिपका. ग्लुक्युरॉनिक आम्लाचा जोड आम्लाने सहजी तुटत नाही, बाकी सगळे जोड सुटतात तरी ही जोडी, ग्लुक्युरॉनिक आणि आतलं मॅनोज, हातात हात घालून तशीच राहते. जीसीला ती जोडी दिसतच नाही. म्हणजे आतल्या मॅनोजपैकी बराच भाग मोजणीतून गायब. जास्त वेळ उकळून बघितलं, तीन तास, ठिपका फिका झाला पण तोवर सुट्ट्या साखरा करपायला लागल्या, द्रावण चहाच्या रंगाचं.

आता ऑगस्टचं कोडं सुटलं. यीस्टचं मॅनोज वर ढकलत होतं, न तुटलेली जोडी खाली ओढत होती, आणि दोन्ही चुका मिळून बरोबर उत्तर. नुसती एकच चूक झाली असती तर त्याच दिवशी पकडली असती. पेढ्यांचे पैसे वाया.

९ ऑक्टोबर

सरांनी सुचवलेला उपाय: जोड तुटत नाही तर तोडायच्या आधी आम्लाचं आम्लपणच काढून टाक. कार्बोडायइमाइड घालून ग्लुक्युरॉनिकचा कार्बॉक्सिल जागा करायचा, मग बोरोहायड्राइडने त्याचं अल्कोहोल करायचं. असं केलं की ग्लुक्युरॉनिक आम्लाचं चक्क ग्लुकोज होतं, आणि ग्लुकोजचा जोड सरळ तुटतो. पीएच सारखा पळतो, एक हात पीएच मीटरवर आणि एक हात ड्रॉपरवर ठेवून दीड तास उभी होते, बोरोहायड्राइड घालताना फेस बीकरच्या काठापर्यंत आला, थोडा सांडलाच.

नकाशा खरा असेल तर आता ग्लुकोज ३, मॅनोज २ यायला हवं, भागाकार १.५. आमच्या डिंकाचा आला १.४४, विकतच्याचा १.४७. आणि तो हट्टी ठिपका प्लेटवरून जवळजवळ गेला. यावेळी पेढे नाही, आधी रिकामा फ्लास्क, दोनदा रिपीट, मग सरांना दाखवलं.

२ नोव्हेंबर

आता सजावट: अ‍ॅसिटिल आणि पायरुव्हेट. खरं तर इथेच मजा आहे. सांगाडा सगळ्या भावंडांचा साधारण सारखा असू शकतो, फरक या छोट्या तुकड्यांत पडतो. पायरुव्हेटमुळे साखळीवर अजून एक ऋण भार येतो, ग्लुक्युरॉनिकचा असतोच, आणि हे दोन्ही मिळून कॅल्शियम पकडतात. झाडाला जंतू आल्याची वर्दी पोचवायला कॅल्शियम लागतं. २००६ साली अर्जेंटिनातल्या गटाने दाखवलं होतं की फांदी अर्धवट राहिलेला डिंक बनवणारा म्युटंट झाडाचा कॅलोज थांबवू शकत नाही, पूर्ण झँथन मात्र थांबवतो. कॅलोज म्हणजे झाड जखमेच्या जागी घाईघाईने घालतं तो बांध. म्हणजे डिंक नुसता पांघरूण नाही, तो झाडाचा आवाज पण दाबतो.

आजचं एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाश कुठे शोषला जातो त्यावरून रेणूतले गट ओळखायचे): आमच्या डिंकात १७३० जवळचा अ‍ॅसिटिलचा खांदा नाहीच! १६१० ला कार्बॉक्सिलेट व्यवस्थित, पण १७३० सपाट. क्षणभर वाटलं की नवीन काहीतरी सापडलं, डाळिंबाचा जंतू अ‍ॅसिटिल लावतच नाही! विकतच्या झँथनमध्ये खांदा छान दिसतोय.

यावेळी डब्याला खोटं ठरवलं नाही. मागे जाऊन वही वाचली. २७ ऑक्टोबर: "डिंक लवकर विरघळेना, थोडा सोडियम हायड्रॉक्साइड टाकून रात्रभर ठेवला." बस. अल्कलीत अ‍ॅसिटिल गळून पडतं, शाळेतल्या साबणाच्या धड्यासारखं. जंतूने दोन वेगळे कारागीर लावून चढवलेली सजावट मी रात्रीत धुऊन टाकली. उलट गरम आम्लात पायरुव्हेट जातं. मग हा पदार्थ कशात विरघळवायचा तर साध्या पाण्यात, सावकाश, भुरभुरत, फ्रीजमध्ये दोन दिवस. घाई नाही.

२८ नोव्हेंबर

दिवाळीनंतर एनएमआरचा (मोठ्या चुंबकात ठेवून रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र) स्लॉट मिळाला. मागच्या वेळी साध्या तापमानाला चालवून बघितलं होतं तेव्हा सगळे पीक पसरट, टेकड्यांसारखे, कारण साखळी लाखो-कोटींच्या वजनाची, द्रावणात आळसावून पडलेली. यावेळी आधी सोनिकेटरने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तुकडे केले (बर्फात ठेवून) आणि ८० डिग्रीला चालवलं. तापवल्यावर पाण्याचा मोठा पीक उजवीकडे सरकतो आणि त्याच्याखाली लपलेला साखरांचा भाग उघडा पडतो.

२.१ च्या आसपास अ‍ॅसिटिल, आहे! स्वच्छ. १.५ ला पायरुव्हेटचा मिथाइल, तोही आहे, पण छोटा, विकतच्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. ५ च्या वर अल्फा मॅनोजचा, ४.५ कडे बीटा जोडांची गर्दी. घराणं तेच दिसतंय.

पायरुव्हेट खरंच कमी आहे की आमच्या उपाशी मिडियममुळे कमी लागलं, ते एका फ्लास्कवरून म्हणता येणार नाही. मामांनी विचारलं, "मग औषध कधी?" म्हटलं मामा, आधी तो काय आहे ते तरी कळू दे. म्हणाले, "आम्ही तवर बोर्डोच मारतो" (मोरचूद-चुन्याची फवारणी). बरोबर आहे त्यांचं.

८ जानेवारी २०२४

मिथिलेशन झालं, तीनदा फसून. पद्धत अशी की डिंकातल्या प्रत्येक मोकळ्या हायड्रॉक्सिलवर मिथाइलची टोपी घालायची, मग साखळी तोडायची, ज्या जागेवर टोपी नाही तिथे आधी जोड होता हे कळतं. पाण्याचा थेंब जरी राहिला तरी अर्धवट टोप्या बसतात, पहिल्या दोन वेळा तेच झालं, तिसऱ्यांदा सोडियम हायड्रॉक्साइडची गोळी डीएमएसओ या द्रावकात वाटताना खलबत्ता ओला होता, माझीच चूक.

आज जीसी-एमएसमध्ये (जीसीला जोडलेलं तुकड्यांचं वजन मोजणारं यंत्र): तिसऱ्या जागी टोपी नसलेलं ग्लुकोज, म्हणजे फांदी फुटते ती जागा. दुसऱ्या जागी टोपी नसलेलं मॅनोज, आतलं. चारही टोप्या असलेलं मॅनोज, म्हणजे मोकळं टोक, हा पीक मोठा. आणि फक्त दोन-तीनवर टोप्या असलेलं मॅनोज, चार-सहा अडलेल्या, म्हणजे पायरुव्हेटवालं टोक, हा लहान. एनएमआरशी जुळतं. अ‍ॅसिटिलची जागा मात्र यातून कळत नाही, मिथिलेशन अल्कलीत होतं त्यामुळे ते पुन्हा गळालं, आता मुद्दामहून.

एक घोळ राहिला. मुख्य साखळीतलं फांदी नसलेलं ग्लुकोज आणि ऑक्टोबरमध्ये ग्लुक्युरॉनिकपासून बनवलेलं ग्लुकोज, दोन्हींच्या टोप्या तंतोतंत त्याच जागी, पीक एकावर एक. तेव्हाच साध्या बोरोहायड्राइडऐवजी ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) वापरलं असतं तर बनवलेल्या ग्लुकोजचं वजन दोनने जास्त आलं असतं आणि मासमध्ये वेगळं कळलं असतं. सर तेव्हा म्हणाले होते, मीच महाग आहे म्हणून साधं घेतलं.

आज एक ग्रॅमची ऑर्डर टाकली, तीन आठवडे लागतील. तोवर डी-४ परत मिनिमलमध्ये, यावेळी तीन फ्लास्क दोन तापमानांना, आणि चौथा रिकामा.